आंग सान सू ची : ज्या स्वभावाने बंदिवासात तारले, त्यानेच सत्तेत घात केला का?

इरावती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

म्यानमारच्या (पूर्वीच्या ब्रह्मदेशाच्या) नेत्या आंग सान सू ची यांच्याविषयी माझ्या वाचनात आलेल्या लेखनाचे सरळ दोन ढीग पडतात. २०१७ साली रोहिंग्या मुस्लिमांवर झालेल्या लष्करी अत्याचारांपूर्वीच्या लेखनात त्या तपस्विनी आहेत, आणि त्यानंतरच्या लेखनात तत्त्वे गहाण टाकलेल्या सत्ताधारी. जणू मधल्या काळात माणूसच बदलला. गेली काही वर्षे मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आले आहे आणि माझे मत हळूहळू असे झाले आहे की, माणूस बदललेला नाही. ज्या स्वभावाने त्यांना लष्कराच्या कैदेत मोडू दिले नाही, तोच स्वभाव सरकार चालवताना त्यांच्या आणि त्यांच्या देशाच्या आड आला. हे मत येथे सविस्तर मांडते आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी अवश्य खोडून काढावे.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते, कारण या कहाणीतले लष्कर हे सू ची यांना परके नाही. आंग सान यांनी १९४१ च्या अखेरीस जपानच्या मदतीने बर्मा स्वातंत्र्य सेना उभी केली. जपान्यांकडून लष्करी शिक्षण घेतलेले जे तीस तरुण या सेनेचा गाभा होते, त्यांच्यात पुढे १९६२ साली सत्ता बळकावणारे ने विन हेही होते. १९ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या काही महिन्यांवर आले असताना, आंग सान यांची सहकाऱ्यांसह भर बैठकीत हत्या झाली. सू ची तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. पुढे ज्या सेनेने त्यांना कोंडले ती त्यांच्या वडिलांनी घडवलेली होती, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. सेनेबद्दल आपल्याला जिव्हाळा वाटतो असे त्यांनी सुटकेनंतरही उघडपणे सांगितले आणि त्यांचे अनेक चाहते त्या वाक्याने दुखावले गेले.

त्यांच्या आई खिन ची यांची १९६० साली भारतात राजदूत म्हणून नेमणूक झाली, त्यामुळे सू ची दिल्लीत वाढल्या आणि १९६४ साली लेडी श्रीराम महाविद्यालयातून राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. पुढे ऑक्सफर्ड, न्यू यॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघातील नोकरी, १९७२ साली तिबेटचे अभ्यासक मायकेल ॲरिस यांच्याशी विवाह, काही काळ भूतानमध्ये वास्तव्य, दोन मुलगे आणि सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेत अभ्यासवृत्ती, असा तो काळ गेला. यातली एकच गोष्ट मला पुढच्या कहाणीसाठी फार महत्त्वाची वाटते. माझ्या देशबांधवांना माझी गरज पडली तर माझे कर्तव्य करण्यात मला साथ द्या, अशी विनंती त्यांनी लग्नापूर्वीच ॲरिस यांना पत्रातून केली होती. कोणतेही राजकारण समोर नसताना एका तरुणीने संसाराच्या आधीच घातलेली ही अट आहे.

ती वेळ १९८८ साली आली. आदल्या वर्षी, सप्टेंबर १९८७ मध्ये, ने विन यांनी २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रातोरात रद्द केल्या आणि बदलून देण्याची कोणतीही सोय ठेवली नाही. त्यांच्या जागी नऊने भाग जाणाऱ्या ४५ आणि ९० क्यातच्या नोटा आल्या. घरोघरची साठवण कागद होऊन गेली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार सुरू झाला. त्याच सुमारास आईला पक्षाघाताचा झटका आल्याचे कळून सू ची रंगूनला (आजच्या यांगूनला) आल्या. ज्या रुग्णालयात त्या आईची शुश्रूषा करत होत्या, तेथेच जखमी विद्यार्थी आणले जात होते. ८ ऑगस्ट १९८८ चा देशव्यापी उठाव झाला, २६ ऑगस्टला श्वेडगॉन पॅगोड्याजवळ लाखोंच्या जनसमुदायापुढे त्यांचे भाषण झाले, १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा थेट सत्ता हाती घेतली आणि त्या महिन्याच्या अखेरीस नॅशनल लीग फॉर डेमॉक्रसी हा पक्ष स्थापन झाला.

५ एप्रिल १९८९ रोजी डानुब्यू गावात सैनिकांनी रस्ता अडवून बंदुका रोखल्या. सू ची यांनी सहकाऱ्यांना बाजूला राहण्यास सांगितले आणि स्वतः एकट्या त्या बंदुकांच्या रोखाने चालत गेल्या. शेवटच्या क्षणी एका वरिष्ठ अधिकाऱ्याने गोळीबाराचा हुकूम रद्द केला. २० जुलै १९८९ रोजी त्यांना इनया तलावाकाठच्या त्यांच्याच घरात स्थानबद्ध करण्यात आले. सहकाऱ्यांना ज्या तुरुंगात ठेवले आहे तेथेच मलाही ठेवा, अशी मागणी करून त्यांनी अन्न सोडले आणि अटकेतील तरुणांचा छळ होणार नाही असे आश्वासन मिळाल्यावरच उपोषण सोडले. २७ मे १९९० च्या निवडणुकीत त्या घरात कोंडलेल्या असताना त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. सेनेने सत्ता दिली नाही.

त्या घरातील दिनक्रमाविषयी त्यांनी पुढे सांगितले आहे. पहाटे उठून विपश्यना, मग तासन् तास रेडिओवरील बातम्या, वाचन आणि बिघडेपर्यंत पियानो. लष्कराकडून काहीही घ्यायचे नाही असे ठरवल्यामुळे घरातले सामान विकून त्या अन्न घेत, आणि तेही इतके अपुरे असे की एका काळात त्यांचे केस गळू लागले होते. १९९१ चे नोबेल पारितोषिक ऑस्लोला त्यांच्या मुलांनी स्वीकारले.

जुलै १९९५ मध्ये सुटका झाली, पण ती नावापुरतीच. शनिवारी-रविवारी लोक फाटकाबाहेर जमत, प्रश्नांच्या चिठ्ठ्या फाटकावरच्या पेटीत टाकत आणि सू ची आतल्या बाजूने टेबलावर उभ्या राहून फाटकावरून उत्तरे देत. पुढच्या वर्षी अडथळे उभे करून सरकारने हेही बंद पाडले. १९९८ साली शहराबाहेर जाताना त्यांची गाडी अडवली, तेव्हा परत फिरण्याऐवजी त्या दिवसेंदिवस गाडीतच बसून राहिल्या; त्यातला एक प्रसंग १३ दिवस चालला. ॲरिस यांची आणि त्यांची शेवटची भेट १९९५ च्या नाताळात झाली. ॲरिस कर्करोगाने आजारी पडले तेव्हा सरकारने त्यांना व्हिसा नाकारला आणि सू ची यांनी मात्र देशाबाहेर जावे असे सुचवले. गेल्यास परत येऊ देणार नाहीत हे त्या जाणून होत्या. २७ मार्च १९९९ रोजी, आपल्या ५३ व्या वाढदिवशी, ॲरिस यांचे निधन झाले आणि त्या रंगूनमध्येच राहिल्या.

मी हे सारे क्रमाने लिहिले, कारण यात एक सूत्र दिसते. काहीही मागायचे नाही, काहीही घ्यायचे नाही, निर्णय एकटीने घ्यायचा आणि तो बदलायचा नाही, दुःख बोलून दाखवायचे नाही, आणि समोरच्याची शक्ती आपल्या सहनशक्तीपुढे थकेल यावर विश्वास ठेवायचा. कैदेत याहून चांगले शस्त्र नाही. परंतु २०१६ साली सत्तेवर आल्यावर मंत्र्यांना विश्वासात न घेणे, पक्षात दुसरी फळी उभी न करणे, टीकेला उत्तर म्हणून मौन धरणे आणि सेनापतींना आपण आपल्या वागण्याने जिंकू असे मानणे, हे त्याच शस्त्राचे दुसरे टोक होते असे मला वाटते. आपल्याला काय वाटते?

रत्नदुर्ग

लेख मनापासून आवडला. आम्हा रत्नागिरीकरांना हा देश दूरचा वाटत नाही. इंग्रजांनी १८८५ साली मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत करून आमच्या गावी आणून ठेवले. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला आणि येथेच त्याची समाधी आहे. उलट दिशेने टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. मोठा माणूस मारून टाकण्यापेक्षा त्याला त्याच्या लोकांपासून तोडून कोंडून ठेवावा, हे तंत्र त्या भूमीत ब्रिटिश राजवटीने रुजवले आणि सेनापतींनी ते जसेच्या तसे उचलले. चौकशीशिवाय स्थानबद्ध करण्याचे त्यांचे कायदेही त्याच घराण्यातले आहेत.

आणखी एक गोष्ट सांगतो. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेइन सेन, जे स्वतः माजी सेनाधिकारी होते, थिबा राजाच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी रत्नागिरीला आले होते. जुन्या राजाचा मान राखणे आणि निवडून आलेल्या नेत्याला सत्ता न देणे या दोन्ही गोष्टी त्या सेनेला एकाच वेळी जमतात, याचे कारण आपण देशाचे वारस आहोत असे ती खरोखरच मानते.

अनुस्वार

धागाकर्तीच्या अभ्यासाविषयी आदर ठेवून मी स्पष्ट असहमती नोंदवतो. स्वभावाचे हे विवेचन वाचताना असे वाटू लागते की २०१७ साली जे घडले ती एका एकाकी स्त्रीची शोकांतिका होती. शोकांतिका रोहिंग्यांची होती. २५ ऑगस्ट २०१७ रोजी एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्याचे निमित्त करून सेनेने गावेच्या गावे जाळली. ७ लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळून गेली.

त्या काळात सू ची केवळ गप्प राहिल्या असत्या तर मी त्यांना संशयाचा फायदा दिला असता. पण आधीच्याच वर्षी, बलात्काराच्या तक्रारी खोट्या आहेत असे त्यांच्या कार्यालयाच्या फेसबुक पानावर प्रसिद्ध झाले होते. सामूहिक हत्येचे वृत्त शोधणाऱ्या दोन पत्रकारांना सात वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांनी त्या निकालाचे समर्थन केले. डिसेंबर २०१९ मध्ये गांबियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या खटल्यात बाजू मांडण्यासाठी त्या स्वतः गेल्या. त्यांना कोणी बंदूक लावून पाठवले नव्हते. तेथे त्यांनी वंशसंहाराचा हेतू नाकारला आणि सशस्त्र संघटनेच्या नावाचा अपवाद वगळता ‘रोहिंग्या’ हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. ज्या लोकांचे नावही घ्यायचे नाही, त्यांच्याविषयी सहनशक्ती, एकाकीपणा, निश्चय हे शब्द कसे पुरे पडतील? हा पूर्वग्रह होता, आणि बहुसंख्य बौद्ध बामर समाजाचा पूर्वग्रह त्यांचाही होता, एवढे तरी आपण सरळ म्हणावे.

निवृत्त महसूल

दोन्ही मते वाचली. माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेले, त्यामुळे मी स्वभावाऐवजी व्यवस्थेकडे लक्ष वेधू इच्छितो. सू ची यांना जी सत्ता मिळाली ती किती होती हे पाहिल्याशिवाय त्यांनी ती कशी वापरली हे ठरवता येणार नाही.

२००८ साली, नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या मुखाकडील प्रदेशात हाहाकार माजवल्यावर अवघ्या काही दिवसांत सेनेने सार्वमत उरकून नवी राज्यघटना आणली. तिच्यानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांत २५ टक्के जागांवर सेनापतीने नेमलेले अधिकारी बसतात, आणि महत्त्वाची कलमे बदलण्यासाठी ७५ टक्क्यांहून अधिक मते लागतात. या गणिताला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सेनापतीच्या माणसांकडे राहतात. ज्याची मुले परदेशी नागरिक आहेत त्याला अध्यक्ष होता येत नाही; हे कलम कोणाला समोर ठेवून लिहिले हे सांगायला नकोच.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. गृहखात्याच्या अखत्यारीत सामान्य प्रशासन विभाग होता, म्हणजे आपल्याकडची जिल्हाधिकाऱ्यापासून तलाठ्यापर्यंतची सगळी साखळी समजा. जमिनीची नोंद, कर, गावाचा कारभार, रहिवासाचा दाखला या सर्वांसाठी माणसाला ज्या टेबलापुढे उभे राहावे लागते, ते टेबल सेनेच्या हाताखाली होते. पंतप्रधान कोणीही असो, तालुक्याची कचेरी ज्याच्या हातात त्याचे राज्य असते. डिसेंबर २०१८ मध्ये सू ची यांच्या सरकारने हा विभाग गृहखात्याकडून काढून मुलकी मंत्रालयाकडे आणला. त्यांच्या कारकिर्दीतील हे माझ्या मते सर्वांत मोठे काम आहे आणि त्याची चर्चा कोठेही होत नाही. मार्च २०२० मध्ये त्यांच्या पक्षाने सेनेच्या राखीव जागा टप्प्याटप्प्याने कमी करण्याची घटनादुरुस्तीही मांडली आणि अपेक्षेप्रमाणे ती सैनिकी मतांनी पाडली. तेव्हा त्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या हे खरे नाही.

इरावती

अनुस्वार, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. पूर्वग्रह होता. २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने देशभरात एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही, हा निर्णय सेनेने लादलेला नव्हता. दुसऱ्या बाजूला त्यांनीच २०१६ साली कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखाली राखाइन प्रांतासाठी सल्लागार आयोग नेमला होता. नागरिकत्वाच्या कायद्याचा फेरविचार करावा असे सांगणारा त्याचा अहवाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी आला, आणि दुसऱ्याच दिवशी हल्ले झाले. त्यानंतरच्या आठवड्यांत त्या अहवालाचा हात धरून उभे राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी सेनेच्या बाजूला उभे राहणे निवडले. मी याला शोकांतिका म्हणून झाकू इच्छित नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, बंदुकांसमोर चालत गेलेली व्यक्ती हे का निवडते.

निवृत्त महसूल, सामान्य प्रशासन विभागाचा मुद्दा मलाही आपल्यामुळे नव्याने समजला. त्यात एक भर घालते. अध्यक्षपदाच्या कलमाला वळसा घालून ‘स्टेट कौन्सिलर’ हे पद साध्या कायद्याने निर्माण करण्याची कल्पना को नी या मुस्लिम वकिलांची मानली जाते. २९ जानेवारी २०१७ रोजी यांगूनच्या विमानतळाबाहेर, नातवाला कडेवर घेऊन उभे असताना, त्यांची गोळी घालून हत्या झाली. ज्या माणसाने त्यांना सत्तेचा मार्ग शोधून दिला त्याच्या अंत्ययात्रेला सू ची गेल्या नाहीत. त्यांच्याविषयी वाचताना मला सर्वांत जड गेलेली गोष्ट हीच आहे.

यांगूनचा पाहुणा

नोकरीनिमित्त मी २०१३ ते २०१६ या काळात यांगूनमध्ये होतो. अभ्यासक नाही, जे पाहिले तेवढेच लिहितो. युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरील त्या घराच्या फाटकावर आंग सान यांचे चित्र लावलेले होते आणि सुटीच्या दिवशी दूरदूरच्या गावांतून आलेली कुटुंबे तेथे उभी राहून छायाचित्रे काढत. आमच्या कचेरीतल्या वयस्क बाई त्यांचा उल्लेख ‘आमय सू’, म्हणजे सू आई, असा करत. त्यांचे नाव मोठ्याने घेता येत नव्हते त्या काळात लोक कुजबुजत त्यांना नुसते ‘बाईसाहेब’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत, असे त्या सांगत.

८ नोव्हेंबर २०१५ च्या मतदानाच्या दिवशी पहाटेच्या अंधारात रांगा लागल्या होत्या. आमचा वाहनचालक शाईचे बोट घेऊन आला आणि दिवसभर ते कापडाने जपत राहिला. त्याने मला सांगितले की १९९० साली त्याच्या वडिलांनी मत दिले होते आणि त्या मताचा निकाल लागायचा राहिला आहे.

परंतु धागाकर्ती म्हणतात तो स्वभाव तेव्हाही जाणवत होता. लेटपाडाउंग येथील तांब्याच्या खाणीविरुद्ध गावकऱ्यांचे आंदोलन चालू होते आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पोलिसांनी निदर्शक भिक्खूंवर जळते रसायन वापरून त्यांना भाजून काढले. चौकशी समितीच्या अध्यक्ष सू ची होत्या. मार्च २०१३ मध्ये त्यांच्या समितीने खाण चालू ठेवावी असा अहवाल दिला आणि तो समजावून सांगायला त्या स्वतः गावात गेल्या. जमीन गेलेल्या बायका त्यांच्या तोंडावर ओरडत होत्या आणि त्या शांतपणे कराराचे महत्त्व सांगत होत्या. त्याच महिन्यात त्या राजधानी नेपिडॉच्या सैन्यदिनाच्या संचलनाला सेनापतींसह पहिल्या रांगेत बसल्या. यांगूनमधील माझ्या तरुण सहकाऱ्यांनी ते दृश्य पाहिले, पण त्याविषयी कोणी बोलले नाही. ‘आमय सू’वर टीका करणे हे घरातल्या आईवर टीका करण्यासारखे होते. म्हणूनच त्यांना वेळेवर कोणी काही सांगितले नसावे, असे मला आज वाटते.

सागरिका

दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांच्याशी तुलना केल्यास काही उलगडेल का? १९७३ साली टोकियोच्या हॉटेलातून त्यांचे अपहरण झाले, १९८० साली लष्करी राजवटीने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली, अनेक वर्षे तुरुंग, स्थानबद्धता आणि परदेशवास यांत गेली, आणि १९९७ साली ते अध्यक्षपदी निवडून आले. हाल त्यांनीही कमी सोसले नव्हते. तरीही सत्तेत त्यांची ओळख वेगळी राहिली. फरक मला असा दिसतो की, कोरियात १९८७ च्या जनआंदोलनानंतर अध्यक्षाची थेट निवडणूक आली, नंतरच्या सरकारने सेनेतील गुप्त गट मोडून काढला आणि दोन माजी लष्करशहांवर खटले चालवून त्यांना शिक्षा केली. किम यांच्या हाती सत्ता आली तेव्हा सेना बराकीत परतलेली होती. सू ची यांच्या बाबतीत सेना त्याच सभागृहात, एक चतुर्थांश बाकांवर, गणवेश घालून बसलेली होती. त्यामुळे दोष स्वभावाला किती द्यायचा याविषयी मी निवृत्त महसूल यांच्या बाजूची आहे.

अनुस्वार

तुलना उपयुक्त आहे, परंतु किम यांनी कोणत्याही अल्पसंख्य समाजावरील अत्याचाराचे समर्थन केल्याचे दिसत नाही. सेना बाकांवर बसलेली होती म्हणून घटनादुरुस्ती अडली हे समजते. तिच्यामुळे हेगला जाणे भाग पडले हे समजत नाही. माझा अंदाज असा की, सेनेच्या वतीने जगासमोर उभे राहिल्यास सेनापती कृतज्ञ राहतील आणि २०२० नंतर घटना सैल करतील, असा हिशेब त्यांनी केला असावा. तो नैतिकदृष्ट्या चुकीचा होता आणि व्यवहारातही चुकला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या पक्षाने पूर्वीपेक्षाही मोठा, ४७६ पैकी ३९६ जागांचा विजय मिळवला आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, नवी संसद भरण्याच्या दिवशीच, सेनापती मिन आंग लाइंग यांनी त्यांना अटक केली. पहिला आरोप बेकायदा वॉकीटॉकी बाळगल्याचा होता. पुढे खटल्यांवर खटले रचून शिक्षेची बेरीज ३३ वर्षांवर नेली आणि नंतर २७ वर्षांवर आणली. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या पक्षाची नोंदणीही रद्द झाली.

इरावती

तुमचा अंदाज मला खरा वाटतो, आणि तो माझ्या मूळ मुद्द्याच्या जवळ येतो. आपण पुरेसे सोसले तर समोरचा वाकेल, हा त्यांचा अनुभव होता. १९९५, २००२ आणि २०१० या तिन्ही वेळा सेनेने त्यांना सोडले होते. परंतु सेना वाकली नव्हती, तिने सोयीप्रमाणे दार उघडले आणि लावले होते. ३० मे २००३ रोजी डेपायिन येथे त्यांच्या ताफ्यावर जमाव घालून अनेकांना ठार मारले गेले, तेव्हाच हे दिसायला हवे होते.

सागरिका, पुढच्या पिढीने मात्र हा हिशेब वेगळा मांडला आहे. २०२१ नंतर डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार यांनी नोकऱ्यांवर बहिष्कार टाकला आणि भूमिगत राष्ट्रीय ऐक्य सरकार स्थापन झाले. त्या सरकारने जून २०२१ मध्ये रोहिंग्यांना त्यांच्या नावाने संबोधून १९८२ चा नागरिकत्व कायदा बदलण्याचे वचन दिले. सू ची यांच्या पक्षातील अनेकजण त्या सरकारात आहेत. त्यांच्या पक्षाचे माजी खासदार आणि रॅप गायक फ्यो झेया थॉ यांना जुलै २०२२ मध्ये फाशी देण्यात आली. अहिंसेचा आग्रह सोडून या मुलांनी शस्त्रे हाती घेतली याचे मला दुःख आहे, पण त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला वाटत नाही.

रत्नदुर्ग

चर्चा फार समृद्ध झाली. एक प्रश्न राहिला. यांगूनचा पाहुणा यांनी ज्या फाटकाविषयी लिहिले, त्या तलावाकाठच्या घराचे आता काय झाले?

यांगूनचा पाहुणा

त्या घराच्या मालकीवरून सू ची आणि त्यांचे अमेरिकेत स्थायिक झालेले बंधू यांच्यात जुना दावा होता. सेनेच्या राजवटीत न्यायालयाने ते विकून रक्कम वाटून घेण्याचा आदेश दिला. २० मार्च २०२४ रोजी फाटकाबाहेरच लिलाव ठेवला आणि किमान बोली ३१५ अब्ज क्यात ठरवली. अधिकाऱ्याने घंटा वाजवून बोली पुकारली, परंतु पुढे कोणी आले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किंमत ३०० अब्जांवर आणून पुन्हा लिलाव पुकारला, तेव्हाही कोणी आले नाही.